सूर्यभानजी आणि जवसाचं तेल

सूर्यभानजींच्या लेखी मूर्खांचे तीन दर्जे होते: बह्याड, भैताड आणि ओवरशेर. बह्याड म्हणजे ज्याला कळत नाही. भैताड म्हणजे ज्याला आपल्याला कळत नाही हेही कळत नाही. आणि ओवरशेर म्हणजे ज्याला काहीच कळत नाही, पण ज्याच्या सहीशिवाय पान हलत नाही. मी कामावर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, माझी पत्र्याची ट्रंक पाहिली आणि मला पहिल्या दर्जात घातलं. "बह्याड हाये," ते स्वतःशीच म्हणाले, "सुधरू शकते." इतकं चांगलं प्रशस्तिपत्र मला शाळेनेही दिलं नव्हतं. शाळा मी सहावीतच सोडली होती.

सत्तावन्न सालची गोष्ट. वर्धा नदीवर पुलगावजवळ, रेल्वेच्या पुलाच्या वरच्या अंगाला, आमच्या खात्याचा तळ होता. नदीतून किती पाणी वाहून जातं ते मोजायचं, हे काम. दोन्ही काठांवर झेंडे रोवलेले. त्या झेंड्यांच्या रेषेत होडी धरायची, पंख्यासारखं एक यंत्र पाण्यात सोडायचं आणि त्याचे फेरे मोजून वहीत लिहायचे. उन्हाळ्यात हे बांबू टेकवूनही होई. पावसाळ्यासाठी मात्र होडीच्या मागे अडकवायची एक लहानशी मोटर होती, लढाई संपल्यावर लिलावात घेतलेली. पुराच्या पाण्यात होडी एका जागी धरायची तर ती मोटर चालूच राहायला हवी. मधेच बंद पडली की होडी सरळ पुलाच्या दगडी खांबांवर. तेव्हा त्या तळावर खरी साहेब ती मोटर, आणि तिची बोली जाणणारा माणूस एकच, सूर्यभानजी. हुद्दा खलाशी.

आणि मी? मी रत्नागिरीकडचा. "समुद्राकाठचा आहे, होडीवर कामाला येईल," असं नागपूरच्या मोठ्या साहेबांना सांगून मामाने मला तिथे चिकटवलं होतं. खरं तर आमचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी. समुद्र मी दोनदा पाहिला होता, आणि दुसऱ्या वेळी बोटीत चढलो ते बंदर येईपर्यंत ओकत होतो. वय सव्वीस. घरी बायको, रांगती मुलगी आणि दम्याने अंथरुणाला खिळलेले वडील. ही नोकरी गेली तर परत जाऊन काय करायचं याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार हाच: आज कळणार.

मोठ्या साहेबांना कळलं नाही. तळावरचे ओव्हरसियर चिंचाळकर, त्यांना कळण्याची भीतीच नव्हती. सूर्यभानजींना मी होडीत पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच कळलं. मी पाय दिला तो होडीच्या काठावर. होडी कलली आणि मी कमरेएवढ्या पाण्यात.

"काऊन बे समुद्रवाले," ते काठावर उकिडवे बसून म्हणाले, "तुमच्या समुद्रात डोंग्याच्या काठावर चढते काय लोक?"

माझ्या अंगावरून पाणी गळत होतं.

"पाय मधात ठेवाचा. नीघ बाहेर. पुन्हा चढ."

मी पुन्हा चढलो. त्यांनी मला त्या दुपारी वीस वेळा चढवलं आणि वीस वेळा उतरवलं. कोणाला एक शब्द सांगितला नाही. फक्त माझं नाव समुद्रवाले पडलं ते पडलं, आणि संध्याकाळी चिंचाळकर सायकलवर टांग टाकून पुलगावात गेले की माझी तासभर शिकवणी सुरू झाली. शिकवणी म्हणजे शिव्याच. मधे मधे माहिती.

सूर्यभानजी म्हणजे चाळिशी उलटलेला, काटकुळा, काळा, गालफडं बसलेला माणूस. राहायचे नाचणगावात. लढाईत फौजेबरोबर ब्रह्मदेशात गेले होते आणि इरावती नदीवर असल्याच मोटरी लावलेल्या होड्या हाकल्या होत्या. तिथे एका गोऱ्या सार्जंटकडून त्यांनी मोटर शिकून घेतली, आणि तो सार्जंट सोडला तर आयुष्यात भेटलेल्या झाडून सगळ्या माणसांना मोटरीतलं काही कळत नाही असं त्यांचं मत होतं. मला ते मत फार चुकीचं वाटत नाही. त्यानंतर तीस वर्षं मी त्याच खात्यात काढली आहेत.

फौजेतून त्यांनी एक वस्तू आणली होती, जाड लोकरीची टोपी. ती त्यांनी डोक्यावर घातलेली मी कधी पाहिली नाही. ती होती पेट्रोल गाळायला. टोपी उलटी करून डब्याच्या तोंडावर धरायची आणि पेट्रोल बारीक धारेने तीत सोडायचं. पेट्रोल खाली उतरे, आणि त्यात पाण्याचे थेंब असले तर ते टोपीच्या तळाशी मोत्यांसारखे गोल होऊन बसत. ते थेंब सूर्यभानजी मला दाखवत, जणू मीच टाकले होते.

"पाह्य. हे पानी. हे पेट्रोलाच्या भावानं घेतलं तुह्या सायबानं."

मग तेल. या मोटरीला वेगळं वंगण नसतं. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, तेच तिच्या पोटात जाऊन तिची हाडं ओली ठेवतं. "तिची भाकर आन् तिचं तूप एकाच ताटात," ते म्हणत. दहा गडवे पेट्रोल, एक गडवा तेल. गडवा म्हणजे तिकडचा तांब्या. त्यांचा पितळेचा होता आणि त्यातून दुसरं काही मोजायला बंदी होती. तेल थेट टाकीत ओतलेलं त्यांना खपत नसे. आधी वेगळ्या डब्यात थोडं पेट्रोल, त्यात सगळं तेल, डबा शंभर वेळा हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचा, मग टोपीतून टाकीत. मी एकदा नव्वदवर थांबलो.

"दमला?"

"नाही, झालं ना आता."

"कोनाले झालं? तुले का मोटरीले? तिले विचारलं तुनं?"

मी उरलेले दहा हलवले.

पेट्रोलची परीक्षा ते कागदावर करत. कागदावर एक थेंब टाकायचा आणि फुंकर घालायची. चोख पेट्रोल असेल तर उडून जातं, मागे काही राहत नाही. रॉकेलची भेसळ असेल तर तेलकट डाग राहतो. या कामासाठी ते खात्याची परिपत्रकं वापरत. चिंचाळकरांच्या टेबलावरून वाचून झालेली परिपत्रकं ते नेमाने मागून घेत, आणि चिंचाळकरांना वाटे, याला वाचनाची गोडी लागली.

एकदा पुलगावला एका शेठजींकडे पेट्रोल आणायला आम्ही दोघे गेलो. ट्रकवाले चार-पाच उभे होते. शेठजींनी डबा भरून दिला. सूर्यभानजींनी खिशातून परिपत्रक काढलं, थेंब टाकला, फुंकर घातली. डाग काही जाईना. त्यांनी तो कागद शेठजींच्या नाकापुढे धरला.

"पेट्रोलच आहे रे बाबा," शेठजी म्हणाले. "तुमची मोटरच म्हातारी."

"मोटर म्हातारी हाये, पन तिचं नाक जवान हाये. शेठजी, हे मोटरीत चालत नाई, आन् कंदिलात घालाल तं भडकन. हे धड इकडचं नाई, धड तिकडचं नाई. याचं करता काय तुमी?"

मागचा एक सरदारजी ट्रकवाला पुढे आला आणि म्हणाला, "जरा हमको भी कागज देना." दुसऱ्यानेही हात पुढे केला. बघता बघता त्या परिपत्रकाचे तुकडे होऊन सगळ्यांच्या हातात गेले आणि सगळे फुंकर घालू लागले. शेठजींनी आतून दुसरं पिंप उघडलं. त्या दिवसानंतर आम्ही गेलो की शेठजी गादीवरून उठून म्हणत, "या मिस्त्रीजी!" बाहेर पडल्यावर सूर्यभानजी जमिनीवर थुंकत. "एक डाग लागला तवा मिस्त्री झालो. पंधरा वर्षांपासून हातात मोटर हाये तं कोनाले दिसली नाई."

पाण्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. तळावर एक माठ होता. पूर्वी स्वयंपाकी सूर्यभानजींना वरून ओंजळीत पाणी घाली. आदल्या वर्षी ते नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर स्वतःचा माठ घेऊन तळावर हजर झाले. तो त्यांनी चिंचाळकरांच्या तंबूसमोर, सावलीच्या सगळ्यांत चांगल्या जागी ठेवला. हे मी यायच्या आधीचं. पण मी असताना एका रणरणत्या दुपारी आमचा माठ फुटला, आणि स्वयंपाकी घुटमळत त्यांच्या माठापाशी आला.

"सूर्यभान, साहेबांसाठी एक गिलास देतोस?"

"देतो ना. ओंजळ करा म्हना."

स्वयंपाकी तसाच परत गेला. चिंचाळकर दुपारभर तहानलेले बसले. मला मात्र त्या माठातलं पाणी पहिल्या दिवसापासून मिळत होतं. मी ते पितो का हे पाहण्यासाठीच त्यांनी पहिल्या दिवशी दिलं असावं. मी तेव्हा इतका घाबरलेला होतो की कोणी विहीर पुढे केली असती तरी प्यालो असतो. यात माझा मोठेपणा काही नाही.

घरचं पत्र आलं की मला रडू येई. एकदा टाकीजवळ बसून पत्र वाचताना त्यांनी मला पाहिलं. मुलगी चालायला लागली असं बायकोने कोणाकडून तरी लिहवून पाठवलं होतं.

"रडाचं असन तं तिकडे जाऊन रड," ते म्हणाले. "पेट्रोलात पानी जाते."

मी उठून लांब जाऊन बसलो. थोड्या वेळाने ते आले, बाजूला बसले, विडी पेटवली. "आज घरी येजो जेवाले," म्हणाले. त्यांच्या बायकोने ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली आणि मला विचारलं, "तुमच्यावर बी वरडते काय हे?" मी म्हटलं, रोज. "बरं झालं बाप्पा," ती म्हणाली, "माह्या वाट्याचं जरा कमी झालं."

आता त्या तेलाकडे येतो.

माझ्या दुसऱ्या वर्षाचा भादवा संपत आला होता. मोटरीत घालायचं तेल नागपूरहून येई, ते संपलं होतं आणि नवीन येत नव्हतं. त्यातच निरोप आला की मोठे साहेब पाहणीला येणार आहेत आणि त्यांच्यासमोर पुराचं मोजमाप करून दाखवायचं आहे. चिंचाळकरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण चिंचाळकर म्हणजे हिकमती गृहस्थ. दुसऱ्या दिवशी ते नाचणगावच्या तेलघाणीवरून दोन डबे भरून तेल घेऊन आले. पिवळंधमक, ताजं.

सूर्यभानजींनी झाकण उघडून नाक खाली नेलं आणि झाकण परत लावलं.

"हे जवसाचं हाये."

"मग? शुद्ध घाणीचं आहे. आमच्या घरी हेच खातात."

"तुमच्या घरचे लोक मोटर नोहोत, साहेब."

"अरे तेल ते तेल! बुळबुळीत असल्याशी काम."

"मंग कांदा बी द्या, फोडनीच देतो तिले. साहेब, सुतार दारं-खिडक्याले जवस काऊन लावते? वाळते म्हनून. वाळून टनक होते. मोटरीत वाळलं तं?"

"तुला घालायचं आहे की नाही?"

"नाई."

चिंचाळकर माझ्याकडे वळले. मला वाटतं त्यांना त्याच क्षणी आठवलं, की आपल्याकडे समुद्राकाठचाही एक माणूस आहे. "तू घाल. तुला होड्यांमधलं कळतं म्हणून तर घेतलाय. की कळत नाही?"

तो प्रश्न त्यांनी सहज केला होता. पण दीड वर्ष ज्याची भीती धरून झोपत होतो, तो प्रश्न भर दुपारी, पांढऱ्या पँटमध्ये समोर उभा होता. मी सूर्यभानजींकडे पाहिलं. ते नदीकडे पाहत होते. मी गडवा उचलला. ते पटकन म्हणाले, "तो नोको. तो माहा हाये." मी चहाच्या भांड्याने मोजलं.

मोटर चालली. हे मुद्दाम सांगतो, कारण मूर्खपणाची फळं लगेच मिळत असती तर जगात ओव्हरसियर उरले नसते. मोटर झकास चालली. नदीभर वास सुटला, जसं कोणी काठावर भजी तळतंय. पलीकडे गुरं चारणारे पोट्टे धावत आले आणि ओरडून विचारू लागले, "काय तळून राह्यले हो?" चिंचाळकर होडीत बसून मिश्या कुरवाळत होते. काठावर उतरताच म्हणाले, "काय सूर्यभान? चालली की!"

"आज ओली हाये. वाळल्यावर पाहाजा."

चिंचाळकर गेल्यावर सूर्यभानजींनी मला बाजूला घेतलं. "ऐक. टाकी रिकामी कर. नुसत्या पेट्रोलानं पोट धू तिचं. चोख पेट्रोल घालून दोरी ओढ, आतलं सगळं निघालं पायजे. आजच्या आज."

"साहेबांनी पेट्रोलच्या डब्याला कुलूप लावलंय. उगाच पेट्रोल जाळायचं नाही म्हणाले."

"मांग किल्ली."

मी किल्ली मागितली नाही. तंबूपर्यंत गेलो आणि परत आलो. सूर्यभानजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेव्हा त्यांनी मला पहिल्या दर्जातून दुसऱ्यात ढकललं.

तीन दिवस कडक ऊन पडलं. मोटर काठावर तशीच तापत पडली. चौथ्या दिवशी वर कुठेतरी पाऊस झाला असावा. नदी लाल होऊन दुथडी भरून आली, आणि अकराच्या सुमारास छत्री घेतलेले मोठे साहेबही आले. चिंचाळकरांनी मला खूण केली. मी मोटर सुरू करायची दोरी तिच्या चाकावर गुंडाळली आणि ओढली. दोरी हलली नाही. पुन्हा ओढली. जसं दगडाला बांधली आहे. मोटर आतून घट्ट चिकटली होती. माझ्या तळहाताचं कातडं निघालं.

साहेबांनी छत्री मिटली. "काय झालं?"

"सर, याने मिश्रण केलं," चिंचाळकर ताबडतोब म्हणाले, आणि बोट माझ्याकडे. "कोकणातला आहे, होडीतलं कळतं म्हणून घेतलेला."

"तू केलंस?"

मी होय म्हणालो. ते खरंच होतं.

"आणि तुला कळतं?"

मला मुलगी दिसत होती, ट्रंक दिसत होती, परतीची गाडी दिसत होती. मागून सूर्यभानजींचा आवाज आला.

"साहेब, दोन घंटे द्या. तवरोक चाय घ्या. मंग ज्याले जे इचाराचं ते इचारा."

त्यांनी घोंगडी अंथरली आणि मोटर उघडली. पिस्टन लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू ठोकून बाहेर काढला. त्यावर पिवळसर, चिकट, कातड्यासारखा थर होता. चिरलेल्या बांबूने तो खरवडत, रॉकेलने धूत ते कामाला लागले. मला हात लावू दिला नाही. मधे त्यांनी तो खरवडलेला चिकटा एका फळीवर चोपडला आणि साहेबांपुढे नेऊन ठेवला.

"काय आहे हे?"

"व्हार्निस, साहेब. जवसाचं. बंगल्याची दारं रंगवाले न्या. मोटरीत घालाचं राह्यलं तं काई हरकत नाई."

साहेबांनी फळीकडे पाहिलं, मग चिंचाळकरांकडे. चिंचाळकर पुराकडे पाहू लागले.

"पण मग आता घालणार काय?" साहेबांनी विचारलं. "तेल तर नाही."

"हाये. गाडीच्या आसाचं."

बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावतात. सूर्यभानजींनी नाचणगावातून दोन बाटल्या आणवल्या होत्या. इरावतीवर एकदा तेल संपलं तेव्हा सार्जंटने हेच वापरलं होतं म्हणे. एरंडेल वाळत नाही. पण ते पेट्रोलमध्ये सुखासुखी मिसळतही नाही. उन्हात कोमट करून जोरात हलवावं लागतं, आणि हलवणं थांबलं की पुन्हा तळाशी जाऊन बसतं. त्यांनी परिपत्रक काढून पेट्रोलचा थेंब पाहिला, टोपीतून गाळलं, गडव्याने मोजलं, शंभर वेळा हलवलं. मोटर जुळवली. दोरी एकदा ओढली. तिने उचकी दिली. दुसऱ्यांदा ओढली आणि ती लागली.

"चला," साहेब होडीकडे निघाले. "सूर्यभान, तूच चालव."

"म्या नाई चालवत."

सगळे थांबले.

"माह्या नजरेसमोर हिचा घसा धरला या लोकायनं. आता मी हात लावला आन् मधात काई झालं, तं उद्या म्हनतीन सूर्यभाननं बिघडवली. याले धाडा." बोट माझ्याकडे. "याले येते."

"येतं? मग हे तेल कसं घातलं याने?"

"हुकूम होता म्हनून घातलं. येनं येगळं आन् हुकूम येगळा, साहेब. कुठून शिकला ते इचारू नोका. येते का नाई ते पाहा."

मग ते चिंचाळकरांकडे वळले आणि मिश्रणाचा जादा डबा त्यांच्या हातात दिला. "तुमी बी बसा, साहेब. डबा हालवत राहाजा. थांबले का एरंडेल खाली बसते, आन् मंग टाकीत नुसतं पेट्रोल जाते, आन् मंग ते खांब हायेत समोर."

मी होडीत पाय मधात ठेवला. मी चालवली. झेंड्यांच्या रेषेत होडी धरली, मागे पुलाचे खांब पाण्याला फाडत उभे होते, साहेब यंत्राचे फेरे मोजत होते, आणि चिंचाळकर पांढऱ्या पँटमध्ये दीड तास डबा हलवत होते. एकदा त्यांचा हात थांबला तेव्हा साहेबांनी वहीतून मान न काढता म्हटलं, "हलवा." मला आयुष्यात त्या दीड तासाइतकी भीती कधी वाटली नाही, आणि तितकं सुखही.

काठाला लागल्यावर साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरं चालवतोस." एवढं बोलून ते गेले. माझी नोकरी राहिली.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

महिन्याभराने कागद आला. तळावर मोटर चालवणारा एक माणूस पुरेसा आहे, दुसऱ्या खलाशाची, म्हणजे सूर्यभानजींची, जागा कमी करण्यात येत आहे. चिंचाळकरांनी वर लिहून कळवलं होतं, की कोकणातला माणूस आता मोटर उत्तम चालवतो, त्याचं प्रात्यक्षिक खुद्द साहेबांनी पाहिलं आहे. एकही शब्द खोटा नव्हता. ओव्हरसियर लोक खोटं क्वचितच लिहितात. त्यांना खऱ्याचाच उपयोग जास्त.

मी सूर्यभानजींच्या घरी धावत गेलो. ते दारात बसून गडवा घासत होते.

"मी साहेबांना जाऊन सांगतो. सगळं सांगतो. मी समुद्राकाठचा नाही, मला होडी येत नव्हती, मामा खोटं बोलला..."

"आन् काय सांगशीन? का तुले येत नाई?"

"हो."

"येते ना आता. खोटं कायले बोलतो?"

त्यांनी गडवा पालथा घातला.

"तुम्हाला माहीत होतं का? मला धाडा म्हणालात तेव्हा?"

"मले सगळंच मालूम राह्यते," ते तिरसटपणे म्हणाले. "मी काय ओवरशेर हाये?" मग, माझ्याकडे न पाहता: "खानदेशात एका कापसाच्या जिनिंगमधे इंजिन हाये. मानूस पायजे त्याईले. जातो. बायको मागून येईन."

त्यांच्या जाण्याच्या दिवशी मी स्टेशनवर येतो म्हणालो. "डोंगा कोनाच्या भरोशावर सोडशीन?" त्यांनी विचारलं. "चिंचाळकराच्या?" त्या दिवशी सकाळीच मोजमाप होतं. पॅसेंजर पुलगावहून सुटून पुलावर यायची वेळ मला पाठ होती. मी घाईने मोटर सुरू केली आणि मुद्दाम होडी नदीच्या मधोमध धरून बसलो.

गाडी पुलावर आली. तिसऱ्या वर्गाच्या एका डब्याच्या दारात ते उभे होते, दांडा धरून, पांढरा सदरा घातलेला. मी दोन्ही हात वर केले. त्यांनी हात हलवला नाही. ते वाकून माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी पाहत होते, मोटरीकडे. मग त्यांनी जोरात कपाळावर हात मारून घेतला, आणि तोच हात माझ्या दिशेने झटकून काहीतरी ओरडले. लोखंडी पुलाच्या खडखडाटात एक अक्षर ऐकू आलं नाही.

मी वळून पाहिलं. मोटर भसाभसा काळा धूर सोडत होती. थंड मोटर सुरू करताना एक कळ बाहेर ओढतात आणि ती लागली की लगेच आत ढकलतात; घाईत मी ती तशीच ओढलेली ठेवली होती. मी कळ आत ढकलली. धूर विरला, आवाज साफ झाला.

वर पाहिलं तेव्हा शेवटचा डबा पूल ओलांडून गेला होता.